जिन्यातलं गाणं

माणसाला कुठलं गाणं आवडतं हे त्याला विचारून कळत नाही. त्याच्या सिंकखाली उताणं पडून राहावं लागतं. हा गळतीकाकांचा सिद्धांत.

काका प्लंबर. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. कोणाच्या तरी लहान मुलीने दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, "आई, गळतीवाले काका आले!" तेव्हापासून ते नाव चिकटलं. काकांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. "गळती नसती तर माझं कसं झालं असतं?" म्हणायचे.

उंच माणूस. सिंकखाली शिरून शिरून मानेला कायमचा बाक आलेला. पँटच्या गुडघ्यांना आतून जाड कापड शिवलेलं. ते काकूंनी शिवलेलं. पिशवीतलं प्रत्येक हत्यार जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, तेही काकूंनीच. म्हणून काका चालताना पिशवी वाजत नसे. काका स्वतःही फारसे वाजत नसत. यायचे, मुख्य कॉक बंद करायचे, आडवे व्हायचे. जरा वेळाने घरची माणसं त्यांना विसरून जायची. प्लंबरचे फक्त पाय दिसतात. पायांसमोर कोणी लाजत नाही.

मग माणसं गुणगुणायला लागतात.

डिसेंबरात तर हमखास. कोणी भांडी विसळताना, कोणी दाढी करताना, कोणी टॉवेल शोधताना. सिंकखाली पडलेले काका वायसर बदलत ऐकत असायचे.

त्यांच्या वस्तीत नाताळच्या आदल्या संध्याकाळी गाणारी मंडळी घरोघर जायची. पोस्टमन अकॉर्डियन वाजवायचा. पार्लरवाली वरच्या पट्टीत गायची. बाकी सात-आठ जण आणि त्यांत काका. प्रत्येक दारात एकच गाणं. पहिल्या वर्षी त्यांनी घरोघर विचारलं होतं, तुम्हाला कुठलं आवडेल? सगळ्यांनी घंटांचं सांगितलं. घंटांचं गाणं भारदस्त. पाहुण्यांसमोर सांगायला बरं. मंडळींनी दारोदार घंटाच घंटा वाजवल्या. पार्लरवालीचा घसा बसला. लोक "वा, वा" म्हणाले आणि दारं लावून घेतली.

पुढच्या वर्षी तालमीत काका हळूच म्हणाले, "बँकेतल्या साहेबांकडे घंटा नको. गाढवाचं म्हणू या."

"साहेबांपुढे गाढवाचं?" पोस्टमनने हात जोडले. "मला त्यांच्याकडे रोज टपाल टाकायचंय हो."

"म्हणून तर बघू."

गाढवाचं गाणं साधं आहे. मरियेला पाठीवर घेऊन चाललेलं गाढव प्रत्येक वळणावर विचारतं, अजून किती लांब? साहेब कोट घालून दारात उभे होते. पहिलं कडवं झालं आणि ते तडक आत गेले. "झालं," पोस्टमन वाजवता वाजवता पुटपुटला. साहेब परत आले तेव्हा चष्मा काढलेला होता. म्हणाले, "तेवढं वळणाचं कडवं पुन्हा म्हणता?" पुढे कधीतरी त्यांनी काकांना सांगितलं. लहानपणी ते आजारी असायचे. वडील दवाखान्यातून खांद्यावर बसवून आणायचे आणि वाटेत हेच म्हणायचे. तिथे गाढव होते वडील. 'अजून किती लांब' हे विचारायचं काम साहेबांचं.

तेव्हापासून रीत पडली. घराघराचं गाणं ठरलेलं, आणि ते ठरवायचे काका. कसं ठरवतात ते मंडळींबाहेर कोणाला माहीत नव्हतं. लोक दारात उभे राहून चकित व्हायचे. काका त्यांचे हात बघायचे. ज्याच्यासाठी गाणं म्हणतात त्याला हातांचं काय करावं हे कळत नाही. कोणी ते पाठीमागे लपवतं. कोणी दाराची कडी धरून ठेवतं. एक पैलवान गडी तर एप्रनला हात पुसत राहिला. हात कोरडे ठणठणीत होते.

दोन बहिणी होत्या. शेजारी शेजारी राहायच्या आणि एकमेकींशी बोलत नसत. का, ते त्यांनाही धड आठवत नव्हतं. काकांनी एकदा एकीच्या मोरीचं काम काढलं होतं. थोरली स्वयंपाकघरात तीन राजांच्या गाण्याची पहिली ओळ गुणगुणायची आणि सोडून द्यायची. भिंतीपलीकडे धाकटी कपडे वाळत घालताना दुसरी ओळ पुरी करायची. दोघींना पत्ता नव्हता. मंडळींनी दोन दारांच्या बरोबर मधे उभं राहून तीन राजांचं म्हटलं. बहिणी अजूनही बोलत नाहीत. पण त्या संध्याकाळी दोन्ही दारं उघडतात.

आणि एक शिवणकाम करणारी बाई होती. इस्त्री करताना ती गव्हाणीतल्या गवताचं अंगाईगीत म्हणायची, फार बारीक आवाजात. तिचं मूल काही दिवसांचंच होऊन गेलं होतं. तालमीत काकांनी तिच्या घराला घंटांचं गाणं लावलं.

"तिथे घंटा?" पार्लरवालीने विचारलं.

"घंटा."

घरी आल्यावर त्यांनी एवढंच काकूंना सांगितलं, "तिचं गाणं तिच्यापाशीच राहू दे. आपण दारात जाऊन मोठ्यांदा म्हटलं तर चोरी केल्यासारखं होईल."

काकू "हं" म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या.

काकूंनी जन्मभर कापडाच्या दुकानात मीटरपट्टीवर कापड मोजलं. त्यांना कुठलीही गोष्ट सैल आवडत नसे. गाठ, बोलणं, चहा. त्या गात नसत. "माझा आवाज म्हणजे फरशीवर कपबशी फुटल्यासारखा," म्हणायच्या. पण दर वर्षी मंडळींबरोबर निघायच्या. सगळ्यांच्या मागून, हातात कंदील, खांद्याला चहाचा थर्मास, पिशवीत दोन जादा मफलर. पोस्टमनचा मफलर दर वर्षी घरी राहायचा. तो दर वर्षी म्हणायचा, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून मी आहे." काकू म्हणायच्या, "बोलू नका, वाजवा."

त्यांची इमारत तीन मजली. तळाच्या, म्हणजे पहिल्या मजल्यावर पोस्टमन, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, निवृत्त झालेल्या नर्सबाई, तिसऱ्यावर काका-काकू. तालीम पोस्टमनकडेच व्हायची आणि मंडळी तिथूनच बाहेर पडायची. म्हणून त्या इमारतीत कधी कोणाच्या दारात गाणं झालंच नाही. ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्या वर्षी नोव्हेंबरात काकू जिन्यात पडल्या. दोन्ही हातांत पिशव्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. घरी आल्या त्या वॉकर घेऊन. डॉक्टरांनी बजावलं, जिना बंद.

पहिल्या तालमीला पोस्टमनने अकॉर्डियन मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "यंदा वहिनी यायच्या नाहीत. मग आपण त्यांच्याकडे जाऊ. शेवटचं घर त्यांचं. काय?"

सगळे हो हो म्हणाले.

"बोला काका. वहिनींचं कुठलं?"

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी तोंड उघडलं. सगळ्या वस्तीची गाणी त्यांच्या डोक्यात रांगेने उभी होती. कोपऱ्यावरच्या चांभाराचं होतं. पाव विकणाऱ्याच्या सासूचं होतं. त्यांनी त्या रांगेत काकूंना शोधलं. काकू तिथे नव्हत्या.

"उद्या सांगतो," काका म्हणाले.

घरी येऊन त्यांनी सरळ विचारलं. काकू पलंगावर बसून लोकर गुंडाळत होत्या. त्यांचे हात थांबले.

"मला विचारताय?"

"म्हणजे मंडळी विचारत होती."

"इतकी वर्षं अख्ख्या वस्तीचं सांगत आलात. पाववाल्याच्या सासूचं सांगितलंत. तिला तर ऐकूही येत नाही."

"अगं, तुझ्या बाबतीत कधी प्रसंगच..."

"प्रसंग नाही आला. बरोबर." त्या हसल्या, पण अर्धवट. "ओळखा. ओळखलंत तर म्हणा. नाही तर काही म्हणू नका. उगाच कुठलं तरी घंटाबिंटा नकोय मला."

आणि भिंतीकडे वळून आडव्या झाल्या. ऑपरेशन झालेली बाजू वर ठेवून, सावकाश. काकांनी पांघरूण घातलं. काकूंनी ते स्वतःच नीट करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी घरातला सिंकचा नळ खोलला.

नळाला काही झालेलं नव्हतं. काकांनी वायसर काढला, बघितला, तोच परत घातला. सिंकखाली आडवे झाले आणि वाट बघत राहिले. काकू वॉकर घेऊन आल्या, खुर्चीवर बसल्या, मटार सोलायला लागल्या. बराच वेळ मटार टपटपत राहिले. गाणं आलं नाही.

"काय झालंय त्याला?" शेवटी काकूंनी विचारलं.

"जरा सैल वाटतोय."

"काल नव्हता वाटत."

तिसऱ्या दिवशी काकांनी तो पुन्हा खोलला. चौथ्या दिवशी पुन्हा. "बिचारा नळ," काकू म्हणाल्या. "माझ्यामुळे त्याच्या नशिबी हे." सगळ्या घरांत त्यांचे फक्त पाय दिसायचे. या घरात त्या पायांचे मोजेही काकूंनी विणलेले होते. ते पाय विसरून काकू गुणगुणणार कशा?

आठवड्याने मात्र नशीब फळलं. काकू न्हाणीत होत्या. दार लोटलेलं होतं, आत पाण्याचा आवाज होता. काका सवयीने सिंकखाली शिरले आणि त्यांना गाणं ऐकू आलं. लांबून आल्यासारखं, बारीक, पण स्वच्छ. झोपलेल्या कोकराचं. आकाश गाण्यांनी भरून गेलं, मेंढपाळ धावले, कुत्री भुंकली, आणि एक कोकरू मात्र सगळा वेळ झोपून राहिलं, ते गाणं. काका हलले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं बरोबर राहून ही बाई काय म्हणते हे आज कळतंय, असं त्यांना वाटलं. मग उठताना सिंकवर डोकं आपटलं.

संध्याकाळी त्यांनी चहा केला. कप काकूंपुढे ठेवला आणि मिस्कील चेहरा करून कोकराचं गुणगुणायला लागले.

काकू बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडाचे कोपरे हलायला लागले.

"कुठे ऐकलंत?"

"ऐकलं कुठेतरी."

"सिंकखाली?"

काकांचा हात डोक्यावरच्या टेंगळाकडे गेला.

"अहो, त्या खालच्या नर्सबाई! भांडी घासताना रोज म्हणतात. पाइपातून वर येतं. मी रोज ऐकते." आणि काकूंना हसू आवरेना. "तुम्ही प्लंबर ना हो? वरच्या मोरीचा आणि खालच्या मोरीचा पाइप एकच असतो हे तुम्हाला मी सांगायचं? आई गं, माझा खुबा... हसवू नका."

काकाही हसले. दुसरं काय करणार? तो पाइप त्यांनी स्वतः बसवला होता.

हसणं ओसरलं. काकूंनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे नाहीच ओळखलंत," त्या म्हणाल्या. आता आवाजात चेष्टा नव्हती. काकांना वाटलं, त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ते नर्सबाईंच्या दारापाशी थांबले. पाइपाचं सांगायला हवं होतं. नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे तुम्ही दोघं वर बसून माझं गाणं ऐकता?"

"मुद्दाम नाही हो. ते येतं."

"येऊ दे. चांगलं गाणं आहे. उभा जन्म रात्रपाळ्या केल्या मी. दर नाताळला ड्यूटी. मला कधी झोप मिळाली नाही, त्या कोकराला तरी मिळाली." मग त्यांनी काकांकडे रोखून बघितलं. "आणि तुमचं मला ऐकू येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"माझं?"

"जिन्यातलं. रोज संध्याकाळी घरी येता तेव्हा. खालच्या पायरीपासून सुरू, वरच्या पायरीला बंद. तेच ते, तेच ते."

"मी नाही गात."

"मग तुमच्या पायातले बूट गात असतील."

"कुठलं गाणं?"

"ते मला काय ठाऊक? रडकं आहे जरा. पण मला त्याची सवय झालीय. वहिनी दवाखान्यात होत्या ना, तेव्हा तुम्ही अगदी मुके होऊन वर जायचात. मला खालून चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं." त्यांनी वर बोट दाखवलं. "तुम्ही सुरू केलंत की वर कडी निघते. खट्ट. आता वॉकर पण ऐकू येतो, ठक ठक, दारापर्यंत. आता कळलं का, की अजून पाइपात डोकं घालायचंय?"

काका तिथेच उभे राहिले. एक गोष्ट त्यांच्या आता लक्षात येत होती. घरी येताना त्यांनी कधी बेल वाजवलेली नव्हती. कधीच नाही. वर पोहोचावं तर दार उघडं. त्यांना वाटायचं ते उघडंच असतं.

"म्हणून दाखवता?" त्यांनी अजिजीने विचारलं. "थोडंसं?"

नर्सबाईंनी डोळे मिटले, सुरुवात केली आणि दुसऱ्या सुरावर कोकरात शिरल्या. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा कोकरू. "नाही जमत," त्या वैतागून म्हणाल्या. "तुमचंच गाणं आहे, तुम्हीच म्हणा."

इथून काकांचे हाल सुरू झाले. त्या संध्याकाळी ते पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि स्वतःकडे कान लावून चढायला लागले. काहीही ऐकू आलं नाही. नुसते बूट. तिसरा मजला आला. दार बंद. त्यांनी बेल वाजवली. आतून बराच वेळ ठक ठक आली, मग कडी निघाली.

"आज काय झालं?" काकूंचा चेहरा उतरला होता. "बरं नाही का?"

"बरं आहे की."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. स्वतःवर पाळत ठेवून कोणाला गुणगुणता येतं? काकूंनी कपाळाला हात लावून ताप बघितला. "काही बिनसलंय का तुमचं? मी रागावले म्हणून? सोडा ना ते गाण्याचं. मी आपली गमतीने म्हणाले." त्या गमतीने म्हणाल्या नव्हत्या, हे दोघांनाही माहीत होतं.

काकांनी पोस्टमनला विश्वासात घेतलं. पोस्टमन अकॉर्डियन घेऊन नर्सबाईंकडे गेला आणि मंडळींची झाडून सगळी गाणी वाजवून दाखवली. गाढव, तीन राजे, घंटा, गवत, तारा. नर्सबाई खुर्चीत ताठ बसून प्रत्येकाला मान हलवत होत्या. नाही. नाही. हेही नाही. "यातलं एकही नाही," त्या म्हणाल्या. "कोकराचं मात्र पुन्हा वाजवा."

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी काका मंडळींना म्हणाले, "मला नाही सापडलं. दुसऱ्या मजल्यावर नर्सबाईंचं कोकरू म्हणू. मग वर येऊन नुसते उभे राहा. मी तिला सांगतो, की नाही ओळखलं."

"नुसते उभे राहायचं?" पार्लरवाली कळवळली. "काका, अहो, काहीतरी म्हणू या ना. वहिनी काय घालवून देणार आहेत का?"

"नाही. तिने सांगितलंय, उगाच कुठलं तरी नको."

मंडळी ऊन कलल्यावर निघाली. कंदील काकांच्या हातात होता. थर्मास कोणाच्याच लक्षात राहिला नाही. पोस्टमनचा मफलर घरी राहिला आणि त्याला द्यायला दुसरा नव्हता. दारं उघडत गेली. साहेबांनी वळणाचं कडवं पुन्हा म्हणायला लावलं. बहिणींची दोन दारं उघडली. शिवणकामवालीने घंटांचं गाणं ऐकलं आणि काकांकडे बघून हलकेच मान लववली. तिला सगळं कळत होतं बहुतेक. पाववाल्याच्या सासूने नेहमीप्रमाणे चुकीच्या जागी टाळ्या वाजवल्या. प्रत्येक दारात लोक विचारत होते, "काकू कुठायत? कशा आहेत?" काका सांगत होते, "बरी आहे. वर आहे." प्रत्येक वेळी ते जरा खाली बघायचे.

उशीर होत गेला. परत इमारतीपाशी आले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. मंडळी जिना चढून नर्सबाईंच्या दारात उभी राहिली. नर्सबाईंनी दार उघडलं आणि समोर अकॉर्डियन बघून म्हणाल्या, "इथे कोण आजारी आहे?" मग कोकरू सुरू झालं. त्यांनी हातांची घडी घातली, सोडली, पुन्हा घातली. कोणीतरी पांघरूण घालावं तशी त्यांनी खांद्यांवरची शाल ओढून घेतली. गाणं संपल्यावर त्या एकच शब्द म्हणाल्या. "झोपलं." आणि नाक शिंकरायला आत गेल्या.

आता वरचा मजला.

काका पुढे होते. पाय दुखत होते. त्यांच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. संध्याकाळची गोळी. ती डब्यात वरच्या फळीवर राहिली होती. काकूंचा हात पोहोचला असेल का? की त्या खुर्चीवर चढल्या? चढतीलही. गोळीचं आपण बघायला हवं होतं. काका पायऱ्या भराभर चढायला लागले. कंदील हलत होता.

मागून पोस्टमनने पार्लरवालीचा हात धरला. "थांब," तो कुजबुजला. "ऐक."

काका गुणगुणत होते.

"हे तर उशिरा आलेल्याचं," पोस्टमन म्हणाला. "अगं, पहिल्या वर्षी बसवलं होतं आपण. कोणी मागितलंच नाही म्हणून सोडून दिलं."

मेंढपाळांच्या त्या रात्रीचंच गाणं. बातमी ऐकून सगळे धावतात. एक जण मात्र कळप एकटा कसा सोडायचा म्हणून थांबतो. फार उशिरा पोहोचतो. पोस्टमनने अकॉर्डियनचा भाता हलकेच उघडला आणि तो सूर धरला. पार्लरवालीने शब्द आठवून बघितले. दोन ओळी आठवल्या.

*सगळे गेले पुढे निघूनी, मी मेंढ्यांशी थांबलो;*
*दिवा तरीही जळतच होता, उशिरा जेव्हा पोचलो.*

बाकीच्यांना शब्द येत नव्हते. ते नुसते गुणगुणत वर निघाले. जिना भरून गेला.

वर कडी निघाली. खट्ट.

काका शेवटून तिसऱ्या पायरीवर होते. तिथे त्यांना ऐकू आलं. आधी मागचं अकॉर्डियन, मग त्यात मिसळलेला एक घोगरा आवाज. तो आवाज आपलाच आहे हे कळायला त्यांना एक क्षण लागला. ते एकदम गप्प झाले. मंडळी थांबली नाहीत.

काकू दारात उभ्या होत्या, वॉकरला दोन्ही हातांनी धरून. केस नीट विंचरलेले. गोळी घेतलेली दिसत होती. पाण्याचं भांडं मागे टेबलावर होतं.

"मी नाही ओळखलं गं," काका म्हणाले. त्यांना खरं तेच सांगायचं होतं. "खरंच नाही. चढता चढता आपोआप झालं."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून आपोआपच होतंय. ठरवून केलं असतंत तर एवढ्या वर्षांत एखादा दिवस तरी चुकला असता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितल्यावर तुम्ही जिन्यात सूर लावून गायला लागला असतात. मला ते नको होतं. मला आपलं, माणूस आला, एवढं कळायला हवं होतं." त्यांनी नाक ओढलं. "मागचे तीन-चार दिवस गप्प येत होतात. मला वाटलं, गेलं ते. बोलून बसले आणि गेलं."

मंडळी जिन्यात दाटीवाटीने उभी होती. गाणं संपलं होतं. नर्सबाईही शाल गुंडाळून खालच्या पायरीवर येऊन थांबल्या होत्या. "हेच ते," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "मी म्हणत नव्हते? हेच."

"पोस्टमनभाऊ," काकूंनी हाक मारली.

"हां, वहिनी."

"दुसऱ्या ओळीला सूर उतरला तुमचा. थंडी वाजतेय ना? मफलर कुठाय?"

"घरी."

"दारामागे खुंटीला एक लावून ठेवलाय. घ्या तो. आणि पुन्हा म्हणा. पहिल्यापासून."

पोस्टमनने मफलर गुंडाळला. काका सवयीने वळले आणि मंडळींत जायला एक पायरी उतरले.

"तुम्ही कुठे निघालात?" काकू म्हणाल्या. "इकडे या. आमच्या घराचं गाणं आहे ना हे? मग घरात राहणाऱ्यांनी दारात उभं राहायचं."

काका परत वर आले. काकूंच्या शेजारी, उंबऱ्याच्या आत उभे राहिले. इतक्या वर्षांत या बाजूने ते कधी उभे राहिले नव्हते. सगळी तोंडं त्यांच्याकडे वळलेली होती. अकॉर्डियन सुरू झालं. काकांनी हात पाठीमागे नेले. पुढे आणले. खिसे चाचपले. कंदील खाली ठेवला आणि मग तर हात अगदीच रिकामे झाले.

काकूंनी समोर बघतच वॉकरवरचा एक हात काढला आणि ती बाजू त्यांच्याकडे सरकवली.

"हे धरा," त्या म्हणाल्या.